आईचं मशीन आणि माझा मीटर

वीज मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सोलर आणि बॅटरीवर चालणाऱ्या डीसी लाइनी तपासायच्या आणि कागदावर "ठीक" असा शेरा मारायचा. असे शेरे मारत मी मुंबईभर हिंडलो आणि घरी मात्र माती खाल्ली.

काळाचौकीची आमची चाळ पाडून नवी इमारत झाली, तेव्हा घराघरांत नेहमीच्या विजेऐवजी सोलर-बॅटरीवरची डीसी वीज आली. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने आईची छाती कामातून गेली होती. तिचं ऑक्सिजनचं मशीन त्याच लाइनवर चालायचं. एकदा ती म्हणाली, "अरे, ह्या मधीच बंद पडता. माका दम लागता."

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी मीटर लावला. बरोबर अठ्ठेचाळीस व्होल्ट, ह्या लाइनला हवेत तेवढेच. "तुला भास होतो," म्हणालो. तिने आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मीटरच दाखवला, वर चिडलोही. शिकलेल्या मुलाची मिजास, दुसरं काय!

मग रजेच्या एका दिवशी पहाटेच उठून आईजवळ बसलो होतो. आता टाकीत चोवीस तास पाणी असतं, तरी आमच्या लोकांची चाळीतली सवय सुटलेली नाही. सहा वाजले की सगळ्यांनी एकदम पिंपं भरायची. नळ सुटले, त्याच लाइनवरचे इमारतीचे पंप सुरू झाले आणि मशीन किंचाळून बंद पडलं. ऑफिसातून व्होल्टेजची क्षणाक्षणाची नोंद घेणारं यंत्र आणून लावलं. पापणी लवेपर्यंतच व्होल्टेज कोसळत होतं, पण मशीन पुन्हा नीट चालू व्हायला काही मिनिटं जायची. माझा मीटर सरासरी दाखवतो. तो कोसळणं त्यात बुडून जायचं.

वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या साहेबांपुढे आलेख ठेवला. "डीसीत व्होल्टेज इतकं पडलेलं चालत नाही, असा नियम दाखवा," ते म्हणाले. डीसीसाठी तसा नियम अजून झालेलाच नव्हता.

शेवटी मीच लाइन आणि मशीनच्या मधे एक बॅटरी जोडली. मशीन आता थांबत नाही. आईची माफीही मागितली. पण छाती संपत आली आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत. कधी आणि किती दम लागतो ते तिने सांगितलं, तर निदान औषध कमीजास्त करता येईल, एवढंच ते म्हणतात. ती सांगत नाही. परवा ओठ काळेनिळे पडले होते, खाटेची कड घट्ट धरून बसली होती. काय होतंय, म्हणून विचारलं.

"काय नाय रे, बरी आसंय," ती म्हणाली. "तू आता मीटर भायर काढू नको."