तक्रारीशिवाय ट्रायल नाही

गल्लीच्या टोकाला कपडे शिवणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचा रागबिग येत नसे. आपल्या जिभेला धार आहे हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. तिच्या दुकानात एक नियम होता. ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाने आरशासमोर हात वर करायचे, वाकायचं, स्टुलावर बसायचं आणि मग एक तरी तक्रार करायचीच. "छान झालंय हो," म्हणणाऱ्याला ती पुन्हा हात वर करायला लावी. तिचं म्हणणं, दुकानात गोडगोड बोलणारं माणूस घरी जाऊन बोटं मोडतं आणि परत फिरकत नाही.

अशा बाईची धाकटी बहीण 'उजेड परिवार' नावाच्या पंथात गेली. गेली तेव्हा चांगली बडबडी, भांडखोर पोर होती. फोनवर येऊ लागली ती भलतीच कुणीतरी. "दमलीस का गं?" विचारलं तर म्हणे, "दमत नाही ताई, शुद्ध होतेय." उपाशी राहणं म्हणजे हलकं होणं. प्रश्न म्हणजे धूळ. घरची माणसं म्हणजे दोर. प्रत्येक दुखण्याला तिथे एक गोंडस नाव होतं, आणि ते नाव घेतलं की कण्हायचीही सोय उरत नसे. टाचणी तावातावाने वाद घाली, तर त्या वादालाही नाव तयारच होतं: वादळ. "तुझं वादळ शमू दे," म्हणून धाकटी फोन ठेवी आणि टाचणी कात्री आपटी. जिच्यापुढे अख्खी गल्ली चूप, तिची या शब्दांपुढे मात्र डाळ शिजत नव्हती. पुढे तर फोनही येईनासे झाले.

मग एका सकाळी धाकटीच दुकानाच्या दारात उभी राहिली. वाळून काटकी झालेली, चेहऱ्यावर डकवल्यासारखं हसू. संध्याकाळच्या गाडीने ती परिवाराच्या दूरच्या केंद्रात कायमची निघाली होती. तिथे फोन नाही, भेट नाही. त्यासाठी मिळालेला पांढरा झगा मापात बसत नव्हता आणि परिवारात शिवणारं कुणी नव्हतं, म्हणून तेवढी परवानगी मिळाली होती.

ओरडावं, रडावं, बाहेरून कडी घालावी, सगळं टाचणीच्या मनात येऊन गेलं. पण आपण तोंड उघडलं की वादळ ठरणार, हे तिला कळून चुकलं होतं. तिने इंचटेप गळ्यात अडकवली.

"घाल तो झगा. हात वर कर."

"छान आहे, ताई."

"इथला नियम विसरलीस? वाक."

"जे आहे ते सगळं सुंदरच आहे."

"मी झग्याचं विचारतेय, जगाचं नाही. बस स्टुलावर."

धाकटी बसली, उठली, पुन्हा हात वर केले. टाचणी काही तिला सोडेना. शेवटी धाकटीने एकदा दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "काखेत ओढतंय जरा."

टाचणीने तिथली शिवण उसवली. "पुढे?"

"गळ्याशी खाजतंय. कापड अगदी भिकार आहे."

"आहेच. पुढे?"

"पुढे काय! चपला लहान दिल्यात, टाचा सोलून निघाल्या. शेजारची बाई रात्रभर घोरते आणि म्हणे तिला गाढ ध्यान लागतं! आणि भूक लागते गं मला. हलकंबिलकं काही वाटत नाही, नुसती भूक लागते."

टाचणी तोंडात टाचण्या धरून हुं हुं करत राहिली. इतका वेळ गप्प बसायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच खेप असावी.

"आणि तुझ्याबद्दलही तक्रार आहे," धाकटीचा आवाज चढला. "एकदा तरी आलीस मला बघायला?"

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "फोन बंद झाल्यापासून दर महिन्याला येत होते. फाटकावरचा तो मिशाळ सांगायचा, ती मौनात आहे. मग त्याच्याकडे डबा देऊन परत फिरायचे."

"मौनात? मी मागे भांडी घासत असायचे! दिवसभर कढयांशी भांडायचे! मला सांगितलं, ताईचा दोर आपोआप गळून पडला."

"गळून पडला? माझा?"

धाकटी एकदम हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरले. मिशाळाचं पोट का सुटत चाललं होतं, ते आत्ता समजलं, असं म्हणून तिने नाक झग्याच्या बाहीला पुसलं.

"डब्यात काय असायचं, ताई?"

टाचणीने सांगायला तोंड उघडलं, पण तिला हुंदकाच फुटला. धाकटीने झगा डोक्यावरून ओढून काढला, टाचण्यांसकट स्टुलावर टाकला आणि बहिणीच्या गळ्यातली इंचटेप बाजूला सारून तिथे आपलं डोकं टेकवलं.