भोंग्याच्या तोंडात रुमाल

त्याला सगळे भोंगा म्हणायचे, आणि ते काही उगीच नाही. तसा दिसायला माणूस अगदी साधा. बाजाराच्या कोपऱ्यावर काचेचं दुकान. खिडक्यांना काचा बसवायच्या, फोटोंना फ्रेमा करायच्या, आरसे विकायचे. हात इतका स्थिर की काच कापायच्या हिरकणीनं रेघ ओढली की काचेचे मुकाट्यानं दोन तुकडे व्हायचे. एरवी आवाजही एवढा मऊ की गिऱ्हाईक दोनदा विचारायचं, "काय म्हणालात?" पण मागून कुणी अचानक खांद्यावर हात ठेवू दे, दार धाडकन आपटू दे, की संपलं! हा गृहस्थ अशी किंकाळी फोडायचा की गिरणीचा भोंगा परवडला. बरं, ती एका दमात संपेल तर शपथ. खालून सुरू व्हायची, वर चढायची, वर गेल्यावर जरा थरथरायची आणि शेवटी "अगं आई गं!" करून थांबायची.

आणि अशा माणसाला आवड कशाची, तर भुताच्या सिनेमांची! तुम्ही म्हणाल, एवढा घाबरतो तर जातो कशाला झक मारायला? अहो, घाबरायलाच जायचा. आठवडाभर काच फुटू नये म्हणून श्वास धरून काम करणारा माणूस तो, त्याला कुठंतरी मोकळं व्हायला नको? भुताचा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला मधल्या रांगेतली त्याची खुर्ची ठरलेली. बायको शेजारी, कानात कापसाचे बोळे घालून.

थिएटरवाल्यांना तो हवाच असायचा. लोकांचं कसं असतं, अंधारात बसून घाबरायची हौस सगळ्यांना, पण आधी घाबरायची लाज. भोंगा एकदा ओरडला की ती लाज जायची. मग बायका ओरडायच्या, बाप्ये ओरडायचे, एकमेकांना चिमटे काढायचे, हसायचे, पैसे वसूल! तिकिटाच्या खिडकीवर लोक विचारायचे, "या खेळाला भोंगा आहे ना?" नसला तर दुसऱ्या खेळाचं तिकीट मागायचे.

हे सगळं ज्या एका व्यक्तीला अजिबात खपत नव्हतं, ती म्हणजे त्याची स्वतःची मुलगी. शाळेत असताना तिच्या नाटकात पुठ्ठ्याचं भूत आलं होतं आणि प्रेक्षकांतून बाबांनी अशी बोंब ठोकली की भुताचं काम करणारं पोरच रडत आत पळालं. पुढं वर्षभर पोरं तिला चिडवत होती. त्या दिवसापासून तिनं बाबांबरोबर थिएटराची पायरी चढायची नाही म्हणून कानाला खडा लावला. मोठी झाली, हॉस्पिटलच्या ऑफिसात लागली, तिथल्या एक्स-रेवाल्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा हिऱ्यासारखा. पण त्याची आई म्हणजे त्याच हॉस्पिटलातली मेट्रन, सगळ्या नर्सांची मुख्य! वॉर्डात कुणाच्या हातून चमचा पडला तरी बाई चष्म्यावरून अशी बघायची की पाडणाऱ्याची बोबडी वळावी.

एक दिवस मुलगी दुकानात आली आणि स्टुलावर बसली. भोंगा फ्रेमला खिळे ठोकत होता.

"बाबा, त्याच्या आईनं आपल्याला बोलावलंय. दोन्ही घरच्यांनी आधी एकदा भेटावं म्हणतात."

"अरे वा! मग जाऊ की. कुठं?"

मुलीनं खाली बघितलं. "सिनेमाला."

मेट्रनबाईंची एक लाडकी कादंबरी होती. रात्रपाळीला वाचून वाचून तिचं कव्हर गळून पडलेलं. दोन बहिणी एका जुन्या घरात राहायला जातात, तिथं एक मोठा आरसा असतो, आणि खोलीत जेवढी माणसं असतील त्याहून एक माणूस आरशात जास्त दिसतो, अशी ती गोष्ट. तिच्यावर सिनेमा निघाला होता आणि बाईंनी सगळ्यांची तिकिटं काढून टाकली होती.

"बाबा, त्यांना आरडाओरडा सहन होत नाही. एवढा एक दिवस... नाही ओरडलात तर?" मुलीचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी."

भोंग्यानं हातोडी खाली ठेवली. आपल्या लेकीला आपली लाज वाटते हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं समोर बसून, इतक्या गरिबीनं तिनं ते कधी मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "नाही ओरडणार. तोंडाला कुलूप. झालं?"

म्हणाला म्हणून झालं थोडंच! त्यानं रात्रभर विचार केला. आपण घाबरतो ते अचानक काही झालं म्हणून. आधीच माहीत असलं तर अचानक कसं होईल? सकाळी जाऊन त्यानं ती कादंबरी विकत आणली. पाठ करून टाकायची, की मग भूत कुठून येतंय, कधी येतंय, सगळं ठाऊक!

दुपारी दुकानात वाचायला बसला. थोडी पानं झाली असतील नसतील, तोच शेजारचा सलूनवाला हातात वस्तरा तसाच घेऊन धावत आला. "काय झालं? काच पडली का पायावर?" भोंगा घामाघूम. पुस्तक जमिनीवर उताणं पडलेलं. संध्याकाळपर्यंत त्यानं दुकानातले झाडून सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवले. दुसऱ्या दिवशी एक बाई आरसा घ्यायला आल्या, तर हा त्यांना पाठीमागचा पुठ्ठाच दाखवतोय आणि मजबूत आहे म्हणतोय.

शेवटी बायकोनं पुस्तक हातातून ओढून घेतलं. "आणा इकडे. मी वाचते, तुम्ही ऐका." आणि मटार सोलता सोलता तिनं वाचायला घेतलं. वाचणं कसलं ते! वाण्याची यादी वाचावी तसं. "आरशात मागे कुणीतरी उभं होतं. तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. अहो, शेंगा संपल्या, ती दुसरी पिशवी द्या." तिच्या तोंडून भूतसुद्धा किलोच्या भावानं मिळत असल्यासारखं वाटायला लागलं. भोंगा शांत झाला. मग रोज जेवताना ती त्याची परीक्षा घ्यायची. "जिन्यात काय?" "दिवा विझतो." "मग?" "मांजर येतं." "शेवटी?" "आरशावर चादर टाकतात, आतून हात येतो आणि चादर ओढतो." "घाबरलात?" "छे!" बायको म्हणायची, "मग भात घ्या." मुलगी हे सगळं ऐकत असायची.

सिनेमाचा दिवस उजाडला. भोंग्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि खिशात एक मोठा रुमाल ठेवला, असू दे हाताशी म्हणून. मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. ताठ, कडक कॉलर, शेजारी त्यांचे यजमान, ते आयुष्यभर गप्प बसलेले. नमस्कार झाले. तेवढ्यात डोअरकीपर खुशीत पुढं आला. "या काका, या! आज आवाज कसा आहे? हाऊसफुल्ल आहे, बरं का!"

"कसला आवाज?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बाबा गातात," मुलगी पटकन म्हणाली.

"हो का?" मेट्रनबाई खूश झाल्या. "छान! आमच्याकडे कुणाच्याच गळ्यातून काही निघत नाही."

भोंग्यानं खिशातला रुमाल चाचपला.

सगळे एका रांगेत बसले. एका टोकाला बायको, मग भोंगा, मुलगी, मुलगा, मेट्रनबाई आणि यजमान. बायकोनं कानात बोळे घातले. अंधार झाला.

जिना आला. दिवा विझणार हे भोंग्याला माहीत होतं, विझला. मांजर येणार हे माहीत होतं, तेही आलं. पण माहीत असून काय उपयोग! घसा आपोआप वर यायला लागला. त्यानं झटकन रुमाल काढला आणि तोंडात कोंबला. नुसता धरला नाही, चांगला गच्च, मागच्या दाढांपर्यंत! आतल्या आत "म्म्म" झालं आणि विरून गेलं. मुलीनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पण बाकीच्या थिएटरला काही सुटका वाटेना. लोक वाट बघत होते. मांजर येऊन गेलं, तरी भोंगा गप्प? कुणी खाकरलं, कुणी खुर्ची वाजवली. मागच्या रांगेतून एकानं मांजराचा आवाज काढला आणि हशा पिकला. आरशात पहिल्यांदा ती जास्तीची बाई दिसली, केवढा भीतीचा प्रसंग, तर कुणीतरी ओरडलं, "बाई, जरा सरका, आम्हाला भांग पाडायचाय!" सगळं थिएटर खो खो हसलं.

"काय लोक आहेत!" मेट्रनबाई कळवळून म्हणाल्या. "एवढं चांगलं पुस्तक! आणि ह्या दिग्दर्शकानं जिना भलतीकडेच दाखवलाय, तो स्वयंपाकघरातून जातो."

मग मागून मोठ्यानं हाक आली, "अरे भोंग्या, झोपलास की काय?"

"हा भोंगा कोण?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"असेल कुणीतरी," मुलगी म्हणाली.

ते वाक्य भोंग्याला लागलं. फार लागलं. पोरीचं लग्न नीट व्हायला पाहिजे, ते खरं. ती घाबरून बोलली, तेही खरं. पण "असेल कुणीतरी"? त्याचे डोळे पाणावले. त्यानं रुमाल आणखी आत सारला आणि पडद्याकडे बघत राहिला.

पडद्यावर धाकटी बहीण आरशासमोर बसली होती, थोरली तिचे केस विंचरत होती. दोघी गप्पा मारत होत्या. या जागी पुस्तकात काहीच होत नाही, त्यामुळे भोंगा निवांत. बायकोनं तर इथं दोन पानं गाळलीही होती. मेट्रनबाईही निवांत, त्यांनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला. बोलता बोलता कॅमेरा हळूच आरशाकडे वळला. आरशात धाकटी एकटीच बसली होती. मागं कुणी नव्हतं. नुसता कंगवा हवेत वरखाली होत होता.

थोरली बहीण कधीच मेलेली होती! पहिल्यापासून!

आणि किंकाळी फुटली. खालून सुरू झाली, वर चढली, वर गेल्यावर थरथरली आणि "अगं आई गं!" करून थांबली.

सगळं थिएटर दचकलं, आणि मग काय विचारता! एका पाठोपाठ एक सगळ्या रांगा ओरडायला लागल्या. कुणाचे पॉपकॉर्न उडाले, कुणाच्या चपला हरवल्या. डोअरकीपर टॉर्च घेऊन आनंदानं पळत आला आणि सवयीनं उजेड थेट भोंग्याच्या तोंडावर मारला. "वा काका!"

मेट्रनबाई उभ्या राहिल्या होत्या. बिस्किटं मांडीवरून खाली सांडलेली. "कोण ओरडलं?" त्यांनी वॉर्डातल्या आवाजात विचारलं.

भोंगा ताडकन उठला. एका हातानं स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत, दुसऱ्या हातानं नमस्कार केल्यासारखं करत म्हणाला, "म्मी! म्माफ कला! म्मीच!"

रुमाल तोंडातच होता. एक कोपरा हनुवटीवर लोंबत होता. टॉर्चच्या उजेडात ते सगळ्यांना स्वच्छ दिसलं. मेट्रनबाईंनी रुमालाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. असा तोंडभर बोळा घेऊन एवढी किंकाळी कोण फोडणार? त्यानं ओढायला घेतला तर रुमाल दातांत अडकला.

मुलीनं त्याचा हात धरला.

"बाबा, बसा. मी ओरडले." मग ती मेट्रनबाईंकडे वळली. "मीच ओरडले. आणि भोंगा म्हणजे हे. माझे बाबा. गात नाहीत ते, ओरडतात. मी त्यांना आज गप्प बसायला लावलं, म्हणून..."

मेट्रनबाई मटकन खाली बसल्या. छातीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "हे पुस्तकात नव्हतं गं!" आणि एकदम हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. "अगं, मी ओरडणारच होते! एवढी वर्षं वॉर्डात दात आवळून काढली, आज गेलीच होती माझी अब्रू. तू आधी ओरडलीस म्हणून वाचले." शेजारी त्यांचे गप्प यजमान म्हणाले, "मी ओरडलो, तुला ऐकू आलं नाही." बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

इंटरव्हलमध्ये सगळ्यांनी उभ्यानं चहा घेतला. सलूनवाला मागच्या रांगेतून येऊन भेटला आणि म्हणाला, "पोरगी घराण्याचं नाव काढणार!" मुलगी लाजली, पण हसली. भोंग्याला फक्त तिच्याकडे बघत बसावंसं वाटत होतं. मुलीनं त्याच्या हातातला तो ओला रुमाल काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

शेवटचा प्रसंग मात्र पुस्तकातल्यासारखाच होता. आरशावर चादर टाकली. भोंग्याला सगळं पाठ होतं. आता आतून हात येणार. भीती नावालासुद्धा वाटत नव्हती, मटार आठवत होते. पण थिएटर चिडीचूप झालं होतं. लोक माना वळवून मधल्या रांगेकडे बघत होते. मुलगी त्याच्या दंडाला बिलगून बसली होती. मेट्रनबाई पुढं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आता गा ना!"

आरशातून हात आला. भोंग्यानं बाजूला पाहिलं, लेकीनं मान डोलावली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो न घाबरता ओरडला, छाती भरून, नुसत्या आनंदानं. अर्ध्यावर लेकीनं आवाज मिसळला. "अगं आई गं!" दोघांनी एकदमच म्हटलं.

बायकोनं एका कानातला बोळा काढला. "तुम्ही होतात की ही?"

"दोघं," तो म्हणाला.