भाऊंचं हळदीकुंकू

"आमचं लग्न वॉर्डाशी लागलंय हो. नळाला पाणी आलं नाही की सासू ओरडते." लग्नाचा विषय निघाला की आमचे नगरसेवक एवढं बोलून चहा बशीत ओतायचे आणि एका घोटात चहाही संपवायचे, विषयही. असा एखादा पुढारी तुमच्याही वॉर्डात असेल.

ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. पूर्वेला एका गाळ्यात त्यांचं कार्यालय होतं आणि मी तिथे लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसायचे. वय बावीस, अक्कल सोयीपुरती. अख्खा वॉर्ड त्यांना भाऊ म्हणायचा, मी एकटी साहेब. भाऊ म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? ते मालवणकडचे. मला "काय गो" म्हणायचे आणि त्या एका 'गो'वर माझा दिवस जायचा. आता नातीला हे सांगते तर ती पोट धरून हसते. हसू दे.

दुपारी त्यांना डबा यायचा, सोबत बाटलीत सोलकढी. ती बाटली ते स्वतः धुवायचे, कुणाच्या हाती देत नसत. मला वाटायचं, घरी म्हातारी आई असणार. सासू सुगरण मिळाली म्हणून मी मनातल्या मनात खूशसुद्धा होते. तो डबा मागच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई पाठवतात, हे वॉर्डातल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक होतं, मला नव्हतं. बाई विधवा, भाऊंच्याच वयाच्या, पोरांवर ओरडतानाही हसू न आवरणाऱ्या.

निवडणूक तोंडावर आली आणि संक्रांतीला वॉर्डातल्या बायकांसाठी मंडपात हळदीकुंकू ठरलं. इतर पुढाऱ्यांच्या बायका अशा वेळी दारात उभ्या राहतात. भाऊ मला म्हणाले, "दारात तू उभी ऱ्हा गो." झालं! आईची जरीची साडी, गजरा, डोक्यात सनई. मी पोचले तर त्यांनी बाजूला बोलावलं.

"बालवाडीच्या बाई येतील. त्यांना कुंकू लाव. तू तेवढं कर, पुढचं मी माइकवर सांगतो. आम्ही लग्न करतोय."

सनई तिथेच बंद पडली. पण त्यांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता. त्यावर रागवायचं तरी कसं?

बाई आल्या. त्या एरवी अशा समारंभाला फिरकत नसत, भाऊंच्या शब्दावर आल्या होत्या. मी करंड्यात बोट बुडवलं, तेवढ्यात पक्षातल्या बड्या नेत्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, माझं मनगट धरलं. "वेडी की काय तू? त्यांना नुसता तिळगूळ दे." वहिनींचे यजमान समोर खुर्चीत बसले होते. तिकीट कुणाला द्यायचं ते त्यांच्या हातात.

बाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ माइकपाशी उभे होते. माइक चालू होता, त्यांचा श्वास अख्ख्या मंडपात ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "भगिनींनो, वाण घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका."

बाईंनी तिळगूळ घेतला. वाण न घेता गेल्या.

भाऊ निवडून आले. डबा बंद झाला. ते बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे, बाई नळाची तक्रार सांगायच्या, तेवढंच. नळ दुरुस्त झाला की आठवड्याने नवी तक्रार. एक नळ इतका बिघडतो का हो?

दशक सरता सरता भाऊ अचानक गेले. मी तोवर लग्न होऊन भांडुपला गेले होते, धावत आले. कार्यालयाबाहेर दर्शनाची रांग. पुढे वहिनी, नेते, हारांचा ढीग. बाई सगळ्यांसारख्या रांगेतून आल्या, हातात थोडी शेवंती. फुलं ठेवली आणि तिथेच थांबल्या.

"चला मावशी, पुढे सरका," कार्यकर्ता म्हणाला.

"थांब रे," मी म्हटलं. "त्या घरच्या आहेत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि मागे एवढी रांग ताटकळत असताना सावकाश भाऊंकडे बघत राहिल्या.