भाकरी मंडळाचे सभासद

बोलायच्या आधी ते हात वर करायचे. गुरुजी असून. समोर चौथीतली पोरगी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर, आणि हे खाली सतरंजीवर पोरांच्या रांगेत. तिनं मान हलवली तरच बोलायचे. एकदा ती म्हणाली, "गुरुजी, तुमचं मघाशी झालंय," तर हात खाली घेऊन गप बसले. असा मास्तर तुम्ही कुठं पाहिला असेल तर मला सांगा.

जळकोटाच्या अलीकडं, हायवे सोडून आत आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत. गुरुजी अणदूरहून मोटरसायकलवर यायचे. आले त्याच वर्षी त्यांनी शनिवारची मंडळं काढली. पोरांना एकच विचारायचे, "तुमचं कुठं अडतं ते सांगा. त्याचंच मंडळ काढू."

सायकलची चेन पडते म्हणाले, सायकल मंडळ निघालं. पाव्हण्यांपुढं बोबडी वळते म्हणाले, बोलायचं मंडळ निघालं. मग पुढं अध्यक्ष झालेली ती चौथीतली पोरगी उठली. आई रानात जाते, भाकरी मला थापावी लागते, भाऊ नुसता ताटावर येऊन बसतो, म्हणाली. भाकरी मंडळ निघालं, आणि त्यात मुलगे आधी घेतले.

मी तेव्हा शाळेच्या कट्ट्यावर बसून असायचो. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं, घरात बसवत नव्हतं. हॉटेलात चहात पाव बुडवून खायचो. शेजारचे कधी ताट द्यायचे, पण देताना त्यांची तोंडं बघवत नव्हती. लेक फोनवर पुण्याला चला म्हणून मागं लागला होता. मला घर सोडायचं नव्हतं. बायकोनं लिंपलेल्या भिंती तिथं होत्या.

एक दिवस गुरुजी शेजारी येऊन टेकले. "अण्णा, तुमचं कुठं अडतं?"

"भाकरीवर."

मला वाटलं हसतील. शनिवारी या म्हणाले. मी दुसरी नापास, पोरांना काय शिकवणार, असं मी विचारलं.

"शिकवायला कोण बोलावतंय? सभासद व्हा."

परात घरून न्यायची होती. बायकोच्या माघारी ती फळीवरून कुणी खाली काढली नव्हती. काढली, पुसली, गेलो. जन्म मेंढरांमागं गेला आणि आता पोरांत बसून पीठ मळत होतो. अध्यक्ष म्हणाली, "आजोबा, जरा दमानं. मेंढरू धुताय व्हय?" सगळी खिदळली. गुरुजींची भाकरी माझ्याहून वाईट. परातीतच फाटायची. पुन्हा गोळा करून थापायला बसायचे. लाज म्हणून नव्हती माणसाला.

मग पालकांच्या बैठकीत एक बाप उठला. पोरगं शिकायला पाठवतो, थापायला नाही, ही बायकी कामं बंद करा, नाहीतर दाखला काढून नेतो, म्हणाला. दोघातिघांनी माना हलवल्या. गुरुजींनी सवयीनं हात वर केला. तिथं त्यांना बोला म्हणणारं कुणी नव्हतं.

मी हात वर केला नाही. उठलो. "बायकोचं तेरावं झालं, पाव्हणे गेले. घरात जवारी हुती, चूल हुती, आन् म्या उपाशी निजलो. तुमच्या पोरावर ही येळ आणायचीय का?"

"अण्णा, तुमी मधी कशाला पडता?"

"म्या सभासद हाय."

मंडळ राहिलं. त्या बापाचं पोरगं थोडे शनिवार आलं नाही, मग आपोआप यायला लागलं. मी पुण्याला गेलो नाही.

उन्हाळ्यात गुरुजींची कळंबकडं बदली झाली. निरोप घ्यायला भरदुपारी घरी आले. मी म्हणालो, जेवून जा. भाकरी, ठेचा, कांदा, एवढंच होतं.

"कशी झालीय?"

"कडेला कच्ची आहे," म्हणाले, आणि आणखी एक मागून घेतली.

जन्मात पहिल्यांदा माझ्या हातचं कुणी जेवत होतं. मी चुलीपुढं बसून त्यांच्या घासाकडं बघत राहिलो. मी जेवायचो तेव्हा ती अशीच बघायची.

नको म्हणत असताना त्यांनी ताट उचललं, अंगणात स्वतः घासलं आणि भिंतीशी पालथं घातलं. मोटरसायकल चढावर एकदा बंद पडली, पुन्हा चालू झाली, मग तिचा आवाज हायवेच्या आवाजात गेला.

ते ताट मी बरेच दिवस हलवलं नाही. दुसऱ्यात जेवत होतो.