लिंबाआधी टायर

फोन आला तेव्हा मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये होते. "भाऊजी गेले," एवढं ऐकलं आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडीत?" नाही, झोपेत गेले होते.

माझे हे थोरले दीर फ्रँकफर्टजवळच्या एका टायर कारखान्यात इंजिनिअर. एखादा टायर सदोष निघाला की त्याच्या अंगावरची अक्षरं-आकडे वाचून तो कुठे, कुठल्या आठवड्यात बनला हे शोधायचं आणि त्याची बाकीची भावंडं रस्त्यावरून परत बोलवायची, हे त्यांचं काम. कुणाच्याही दारात गेले तरी चहाआधी गाडीपाशी उकिडवे बसायचे. आम्ही काय चेष्टा करायचो! शेजारच्या जर्मन आजींना तर वाटायचं, हा माणूस गाडीला नमस्कार करतो.

आम्ही जुनी गाडी घेतली तो दसरा होता. हार झाला, कुंकू झालं, चिमुकली सानिका मागे पट्टा लावून बसली, नवऱ्याने इंजिन सुरू केलं. मी चाकाखाली लिंबू ठेवायला वाकले.

"थांब मेधा! या टायरचा पूर्ण नंबर आतल्या बाजूला दिसतोय. आधी वाचू दे."

इंजिन बंद करायला लावून भाऊजी कोऱ्या झब्ब्यानिशी ओल्या फरशीवर आडवे झाले. बाहेर आले ते पांढरेफटक.

"पोरीला खाली उतरव."

"अहो भाऊजी, झालं काय?"

"आम्ही परत मागवलेल्यातला आहे हा. आउटोबानवर भरधाव जाताना याची साल सुटते गं, गाडी उलटते..."

त्या दिवसापासून मला गाडीची भीती बसली, ती आजही आहे. पुढे दर दसऱ्याला ते सतरंजी घेऊन यायचे, गाडीखाली शिरायचे आणि कपडे झटकत म्हणायचे, "गेनाऊ, अगदी बरोबर. चालवा." मग कुठे माझा जीव भांड्यात पडायचा.

यंदाचा दसरा त्यांच्याविना आला. जाऊबाईंनी भाऊजींची गाडी सानिकाला दिली, आणि ती घेऊन पोरगी एकटी कार्ल्सरूहेला शिकायला निघणार होती. रात्रभर मला सुटलेल्या सालीच दिसत होत्या. सकाळी तिने डिकीतून त्यांची सतरंजी काढली, न सांगता गाडीखाली शिरली, एकेक नंबर मोठ्याने वाचून मोबाइलवर तपासला. "आलेस गूट, सगळं ठीक आहे, आई," म्हणत स्टिअरिंगमागे बसली. इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवेना. नुसती माझ्याकडे बघत राहिली... भाऊजींचं ते वाक्य आता कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मी लिंबू ठेवलं, मागे सरकले आणि घाबरत घाबरतच म्हटलं, "चालव."