पेटीवरचा चुन्याचा ठिपका

परवा चर्चच्या माळ्यावरची जुनी बाजाची पेटी खाली काढली, झाकण उघडताच कापराचा वास आला आणि काळ्या पट्टीवर चुन्याचा ठिपका अजून तसाच दिसला. तो लागला तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदियातल्या आमच्या कौलारू चर्चमध्ये गीतं मी सुरू करायची, तीही चढ्या पट्टीत, कारण माझा गळा तिथंच खुलायचा. मंडळी नुसते ओठ हलवायची आणि मला वाटायचं, भक्तीत दंग आहेत! कापणीची उपासना जवळ आली, तशी जवळच्या फुलचूर गावाहून पायी येणारी एक म्हातारी सर्वांदेखत म्हणाली, "पोरी, तू आभाळात गाऊन राहिली. आमी खाली बसून काय करावं?" मी फणकारले. पण पेटीवाल्या मास्तरांनी शनिवारच्या तालमीला तिलाच पुढं बसवलं. ती धानाच्या रोवणीला बांधावर गावं तशी मोकळी गायली आणि मास्तर तिचा सूर शोधत, खाली खाली सरकत, एका काळ्या पट्टीवर थांबले. तिनं तंबाखूची डबी काढली, चुन्याचं बोट पट्टीवर टेकवलं आणि बजावलं, "आता इथून हालू नोका." रविवारी वेदीपाशी नव्या धानाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. मी पहिली ओळ घेतली, आणि मागच्या बाकावरच्या रेल्वेच्या खलाशी कामगारांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत सगळं चर्च असं उसळून गायलं की माझा आवाज मलाच सापडेना. हसू आवरत नव्हतं. परवा मी तीच पट्टी दाबली आणि गुणगुणून पाहिलं. माझा गळाही आता बरोबर तिथंच येतो.