दसऱ्याचं ऑइल

दुकानातून दोन प्रकारचं इंजिन ऑइल घ्यायला लागलो, खरं तर तेव्हाच मी थांबायला हवं होतं. एक माझ्या पिकअपसाठी आणि एक बाबांसाठी. दुकानदार दोन्ही काउंटरवर ठेवायचा आणि विचारायचा, "ट्रॅक्टरही घेतला काय भाऊ?" मी म्हणायचो, "पाहून राह्यलो." तो पुढे काही विचारत नसे. खोटं बोलायला मला फार शब्द लागत नाहीत, हे तिथे उभं राहून माझ्या लक्षात आलं.

गाडी एकच आहे. प्रदूषणाच्या नव्या नियमांची डिझेल पिकअप. हंगामात आर्वीकडची संत्री, एरवी भाजी, सोयाबीनचे कट्टे, घर बदलणाऱ्यांचं सामान, जे मिळेल ते मी वाहतो. घर शहराला लागून, सिंदी मेघेत. आई गेल्यानंतर गावचं घर बंद करून, शेत ठेक्याने देऊन मी बाबांना इकडे आणलं. चांगलं केलं, असं सगळे म्हणतात. आणल्यावर त्यांना करायला काही ठेवलं नाही, असं कोणी म्हणत नाही. ते मीच मला म्हणतो.

बाबांची उमेदीची वर्षं विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबरोबर गेली. त्या इंजिनाचं ऑइल वर्षातून दोनदा बदललं जाई. दसऱ्याला, कारण त्यानंतर गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असे, आणि पाडव्याला, कारण तेव्हा पाणी द्यायचं संपलेलं असे. तास, किलोमीटर असा काही हिशोब नव्हता. सणच हिशोब ठेवत. घरात ट्रॅक्टरच्या ऑइलची एक मोठी बाल्टी असायची. इंजिनाला तेच, काकाच्या ट्रॅक्टरला तेच, बंडीच्या आसाला तेच, कुरकुरणाऱ्या दाराला तेच. बाल्टी संपली की आई तिच्यात गुरांची ढेप भिजवायची. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच होतं. ऑइल म्हणजे ऑइल. ते जाड असावं, बोटाला चिकटावं, एवढीच त्याची परीक्षा.

पिकअप घेतल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला बाबा सकाळीच अंगणात खुर्ची टाकून बसले. मी गाडीखाली शिरून चेंबरचा नट काढला. जुनं ऑइल गळून संपेपर्यंत ते बसून राहिले. मग उठले, बाल्टीतून मापाने ऑइल घेतलं आणि चाडीतून, म्हणजे नरसाळ्यातून, हळूहळू ओतलं.  एक थेंबही बाहेर सांडला नाही. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून त्यांनी तिच्यावरचं ऑइल अंगठ्याने बोटावर घासलं आणि म्हणाले, "आता मार सेल." मी गाडी सुरू केली.

गाडीसोबत आलेलं पुस्तक मी वाचलं होतं. या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं, साधं टाकू नये, असं त्यात स्पष्ट होतं. ते वाचूनही मी बाबांची बाल्टी विकत आणली होती. एखाद्या वेळी काय होतं, असं मला वाटलं. शिवाय आई गेल्यापासून त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच धड जेवताना पाहिलं.

संत्र्याच्या हंगामात गाडीच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. मी दुर्लक्ष केलं. काही दिवसांनी आर्वी रोडवर, मागे कॅरेट खच्चून भरलेले असताना, इंजिनाची ताकदच गेली. पाय पूर्ण दाबला तरी गाडी बैलबंडीसारखी चालली. मागून येणारे हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढे जात होते. कसाबसा माल पोचवला आणि गाडी आर्वी नाक्याजवळच्या मिस्त्रीकडे नेली.

या मिस्त्रीचा माझ्यावर जीव आहे, पण तोंडाला आवर नाही. त्याने पट्टी काढली, ऑइल बोटावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे कोनं टाकलं?"

"दुकानदारानं दिलं."

"दुकानदार दुश्मन हाय काय तुमचा?"

मग त्याने समजावून सांगितलं. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण साध्या ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत बसून राहते. त्यात हंगाम सोडला तर माझ्या शहरातल्या शहरात छोट्या फेऱ्या. इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे काजळीही पुरती जळत नाही. म्हणजे सगळा दोष ऑइलचा नव्हता, हे मला सांगायला हवं. पण ऑइलही होतंच.

जाळी काढून साफ करायला नागपूरला पाठवावी लागली. ऐन हंगामात गाडी उभी राहिली. बाबांनी विचारलं, "काऊन रे, गाडी नाई दिसत?" मी म्हणालो, "भाडं नाही सध्या. मित्राच्या शेडमध्ये उभी आहे." ते मान हलवून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा नको म्हणू लागले. पित्त होतं म्हणाले. मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

पाडवा जवळ आला तसे बाबा पुन्हा विचारू लागले, बाल्टी आणली का. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"सांगून टाका ना त्यायले एकदाचं."

"काय सांगू?"

"का बा हे ऑइल चालत नाई."

"त्यांचं ऑइल चुकीचं आहे, असं सांगू?"

"मंग गाडी चुकीची आहे असं सांगा. पण सांगा."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी दुसरा मार्ग काढला, आणि तो इतका सोपा निघाला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. सणाच्या सकाळी बाबांनी त्यांचं ऑइल टाकायचं. पूजा व्हायची, नारळ फुटायचा. मग भाडं आहे म्हणून मी गाडी बाहेर काढायची आणि थेट नाक्यावर मिस्त्रीकडे जायचं. तो बाबांचं कोरं ऑइल काढून घ्यायचा आणि मी आधीच नेऊन ठेवलेलं योग्य ऑइल भरायचा. काढलेलं ऑइल तो गिऱ्हाइकांच्या ट्रॅक्टरमध्ये वापरायचा.

"काकाजीले म्हना, सालातून दोन-तीन दसरे करत जा," तो हसून म्हणायचा. "आमच्याही घरी दिवाळी होते."

मीही हसायचो. घरी आलो की बाबा विचारायचे, "कशी चालते?" मी म्हणायचो, "मस्त." आणि गाडी खरंच मस्त चालत होती.

हे असं काही वर्षं चाललं. यात कोणाचं काही बिघडत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. पण सण जवळ आला की मला थकवा येई. मालाची चढ-उतार करूनही येत नाही असा. खुर्चीत बसलेले बाबा मन लावून ऑइल ओतत आहेत आणि मी बाजूला उभा राहून, हे तासाभराने गटारीजवळच्या घमेल्यात जाणार आहे, असा विचार करतो आहे. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नसे. मी चाडीकडे पाहायचो.

गेल्या दसऱ्याला पूजा आटोपली आणि बाबा म्हणाले, "थांब. मी येतो. गावच्या मारुतीले नारळ फोडून येऊ."

"मला भाडं आहे बाबा."

"सणाचं कोनतं भाडं? चाल." धुतलेली टोपी घालून ते तोवर दारापर्यंत आलेही होते. मी हात दिला, ते वर चढून माझ्या शेजारी बसले.

मी मनात हिशोब केला. गावाला जाऊन यायला फार वेळ लागणार नाही. तेवढ्या अंतराने काही होत नाही. ऑइल उद्या बदलू. गाव आर्वी रोडवरच असल्याने नाक्यावरूनच जावं लागणार होतं. मी मान वळवायची नाही असं ठरवलं. पण दसऱ्यामुळे मिस्त्रीकडे धुवायला आलेल्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. मला वेग कमी करावा लागला, आणि त्याने मला पाहिलं. हात वर करून तो रस्त्यात आला.

"ओ भाऊ! कुठं पयता? काकाजीचं ऑइल काढाचं नाई काय आज?"

माझ्या खिडकीशी आल्यावर त्याला बाबा दिसले. त्याने हातातल्या फडक्याने हात पुसायला सुरुवात केली आणि पुसतच राहिला.

"नमस्कार काकाजी."

"नमस्कार. माह्यं ऑइल काऊन काढता?"

 मी बोलायला हवं होतं, तो क्षण तोच होता. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी स्टिअरिंगकडे पाहिलं. बाबा दार उघडून खाली उतरले.

"सांग बा," ते मिस्त्रीला म्हणाले. "तू तरी सांग."

"तुमचं ऑइल खराब नाई काकाजी. ट्रॅक्टरले एक नंबर हाय. पन या नव्या गाडीच्या सायलेन्सरात जाळी रायते. तुमच्या ऑइलच्या राखेनं ते बुजते."

"बुजली होती का?"

"एकदा."

"मंग काढ," बाबा म्हणाले. "उभा काऊन? काढ ना."

मिस्त्री गाडीखाली गेला. बाबा घमेल्याजवळ उभे राहिले. त्यांनी सकाळी ओतलेलं ऑइल जसंच्या तसं खाली आलं, मधासारखं, स्वच्छ. धार बारीक होऊन थेंब पडू लागेपर्यंत ते पाहत होते. त्यांनी बोट लावलं नाही.

"किती खेप केलं असं?" त्यांनी मला विचारलं.

"पहिला दसरा सोडून सगळ्या."

मिस्त्री खालून बाहेर आला आणि विषय बदलायला म्हणाला, "काकाजी, चा सांगू काय?"

"नको बा. मी दुपारचा चा सोडला हाय."

मिस्त्रीने माझं आधी आणून ठेवलेलं ऑइल भरलं आणि आम्ही गावाला निघालो. मारुतीला त्यांनी नारळ फोडला, शेरणीचा प्रसाद वाटला, दोन-चार ओळखीच्यांना सोनं दिलं. सगळ्यांशी नीट बोलले. परत निघालो तेव्हा ते समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाले,

"त्या संत्र्याच्या टायमाले गाडी बंद होती म्हंजे."

"हो."

"तू म्हने भाडं नाई."

"हो."

"मले वाटलं, पोरगा पैशाच्या अडचणीत हाय. विचारलं तं आनखी लाजन."

मी गाडी चालवत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. त्यांनी विचारलं, "तुले माह्याशी भांडता येत नाई काय?"

"येतं."

"मंग?"

मी गिअर बदलला. तेव्हा उत्तर सुचलं नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. उत्तर मला माहीत होतं. मी सगळ्यांना सांगत आलो, आणि बायकोला तर बऱ्याचदा, की बाबांचं मन मोडू नये म्हणून मी हे करतो. पण वर्षातून दोन सकाळी मी त्यांना ऑइल टाकू दिलं की पुढच्या सणापर्यंत माझी सुटका होत असे. त्यांना काय हवंनको, त्यांचा दिवस कसा जातो, हे विचारायची गरज उरत नसे. ते ऑइल मी गाडीसाठी घेत नव्हतोच, आणि त्यांच्यासाठीही नाही. माझ्यासाठी घेत होतो.

हे मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही नाही.

पाडव्याला मी योग्य ऑइलचा डबा आणला आणि म्हणालो, "बाबा, हे तुम्ही टाका." त्यांनी झाकण काढून आत पाहिलं.

"पान्यावानी हाय."

"असंच असतं हे."

"मले नाई समजत याच्यातलं. तुह्या गाडीचं तू पाय." रागावून नव्हे, साधंच म्हणाले, आणि टीव्ही लावून बसले. मी एकटाच गाडीखाली शिरलो. बायको दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली.

आमचं शेत ठेक्याने करणाऱ्याकडे जुना ट्रॅक्टर आहे. बाबांनी त्याला स्वतः फोन केला, मला न विचारता. त्याला ऑइलमधलं फारसं कळत नाही म्हणे. आता दर आठवड्याला ते गावी जातात. ट्रॅक्टरचं ऑइल, पाणी, ग्रीस पाहतात, त्याच्या बायकोच्या हातची भाकर खातात आणि संध्याकाळी परत येतात. चेहरा उन्हाने पुन्हा काळवंडला आहे. परत आल्यावर ते सुनेला तिकडचं सगळं सांगतात. मला आतल्या खोलीतून ऐकू येतं.

मी म्हणालो, "मी सोडत जाईन ना. माझी फेरी त्याच बाजूला असते."

"कायले? एसटीनं जातो. मले फुकट हाय."

पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून त्यांना तिकीट लागत नाही, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे मला पुढे काही बोलता आलं नाही.

परवा संत्र्याचे रिकामे कॅरेट घेऊन आर्वीकडे निघालो होतो. थांब्यावर ते उभे होते, बगलेत पिशवी, बसच्या दिशेला तोंड करून. मी वेग कमी केला आणि हॉर्न दिला. त्यांनी गाडी ओळखली. मग हात वर करून, पोलीस मोकळ्या रस्त्यावरून गाड्या पुढे काढतो तसा, मला पुढे जा म्हणून इशारा केला. मागे एक ट्रक येत होता. मी पुढे गेलो.